तात्यापाऱ्यातला पॉझिटिव्ह रिपोर्ट

"रिपोर्ट आला नं ताई! पॉझिटिव्ह हाये, एकदम पॉझिटिव्ह!"

रायपूरहून वसंतरावांचा फोन आला तेव्हा मी नागपूरला घरी मेथी निवडत बसले होते. त्यांचा आवाज पेढे वाटायला निघालेल्या माणसाचा होता. माझा हात मात्र मेथीतच राहिला.

कारण सांगते. माझी मुलगी क्षितिजा आणि वसंतरावांचा पराग यांचं जवळजवळ जमलं होतं. दोघं नागपुरात दोनदा भेटले आणि दोन्ही वेळा एका कॉफीला तीन तास लागले. पत्रिकाही जुळली. पण मी पत्रिकेबरोबर आणखी एक कागद मागितला होता, मुलाच्या सिकलसेलच्या, म्हणजे रक्तातल्या आनुवंशिक दोषाच्या, तपासणीचा. क्षितिजा माझ्यासारखीच सिकलसेलची वाहक आहे. वाहकाला स्वतःला सहसा काही त्रास नसतो. नवरा-बायको दोघंही वाहक निघाले, तर मात्र दर गरोदरपणात चारात एक शक्यता आजारी मुलाची. तो आजार म्हणजे काय, हे आमच्या घरात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. माझा धाकटा भाऊ बबन तो घेऊनच जन्मला. मामाला कळा आल्या की त्याचे पाय चेपत क्षितिजा मोठी झाली. तिने मला आधीच बजावलं होतं, "आई, तो वाहक निघाला तर मी नाही म्हणणार. मग मला समजवायला येऊ नको."

आणि इकडे होणारे व्याही आनंदाने पॉझिटिव्ह, पॉझिटिव्ह करत होते. क्षितिजाला मी काहीच बोलले नाही. परागचं घर बघायला जायची तिकिटं काढून झाली होती. बबनला तेवढं सांगितलं. तो म्हणाला, "फोनवर नाही म्हणू नये माणसानं. चाल, जाऊन येऊ." शुक्रवारी सकाळी निघालो.

नागपूर ते रायपूर रेल्वेने साधारण पाच तास. सकाळचीच गाडी घ्या, म्हणजे गोंदियानंतरचं जंगल उजेडात बघता येतं. सालेकशाच्या पुढे डोंगर अगदी खिडकीशी येतात, मग बोगदा, आणि डोंगरगडला टेकडीवरचं देऊळ दिसलं की डब्यातले अर्धे लोक हात जोडतात. मीही जोडले. काय मागितलं ते तुम्हाला कळलंच असेल.

बबनबरोबरचा प्रवास म्हणजे सोबत पाण्याचा टँकर. दोन लिटरची बाटली त्याच्या मांडीवर, आणि दर स्टेशनला पाच घोट हा त्याचा नियम. पाणी कमी पडलं, थंडी लागली किंवा फार दमला की कळा सुरू. म्हणून एसी डब्यात तो भर दुपारी स्वेटर घालून बसतो आणि लोक बघतात. रोजची कॅप्सूल चुकत नाही. ताप आला तर काढे-बिढे नाहीत, सरळ दवाखाना. हे सगळं अंगवळणी पडायच्या आधी त्याची पुस्तकांपेक्षा दवाखान्याच्या खाटांशी जास्त ओळख होती. आता तो पोस्टात नोकरी करतो आणि वर मलाच पाणी प्यायला लावतो.

रायपूर स्टेशनबाहेर ई-रिक्षावाल्याने तात्यापाऱ्याचे, म्हणजे तिथल्या जुन्या मराठी वस्तीचे, शंभर सांगितले, ऐंशीवर तयार झाला. वसंतरावांचं घर दुकानाच्या वर, जिना अरुंद. वहिनींनी गरम फरा केला होता. तांदळाच्या पिठाच्या या वाफवलेल्या वळकट्या, वरून तीळ-मोहरीची फोडणी आणि सोबत टमाट्याची चटणी. रायपूरला गेलात तर हॉटेलात शोधू नका, कोणाच्या तरी घरी खा. मी मात्र ताटली तशीच बाजूला ठेवली. शेवटी मी म्हटलं, "तो रिपोर्ट जरा पाहू का?"

वसंतरावांनी कपाटातून प्लास्टिकमध्ये मढवलेलं कार्ड आणलं आणि माझ्यापुढे ठेवलं. "बी पॉझिटिव्ह! अन् तुमच्या पोट्टीचाही बी पॉझिटिव्ह. जुळलं नं? मंग तुम्ही अशा गप्प काहून बसून राहिल्या?"

तो रक्तगट होता. मी दोन रात्री ज्याच्या धास्तीने झोपले नव्हते, तो नुसता रक्तगट होता! बबन इतका हसला की पाणी नाकात गेलं. मीही हसले, आणि हसता हसता लक्षात आलं की खरी तपासणी अजून झालेलीच नाही.

मी ती समजावून सांगितली तसा वसंतरावांचा चेहरा उतरला. "म्हणजे तुम्ही आमच्या खानदानाचं रक्त तपासून राहिल्या? भोसल्यांच्या काळापासून इथं आहो आम्ही. असलं काही नाही आमच्यात."

वहिनींनी चटणीची वाटी उचलून आत नेली. मला वाटलं, झालं, आता उठावं. तेवढ्यात बबनने खिशातून स्वतःचं सिकलसेलचं कार्ड काढून त्या कार्डाशेजारी ठेवलं. "दादा, मले पाहा. माह्या आई-बापाचे बत्तीस गुण जुळले होते."

वसंतरावांनी ते कार्ड उचलून दोन्ही बाजूंनी वाचलं. मग म्हणाले, "ठीक. उद्या आधी माह्यं रक्त घ्या. माह्यात नाही तं पोराले कुठून येईन?" ते आईकडूनही येऊ शकतं, हे माझ्या जिभेवर आलं होतं. पण तयार झालेल्या माणसाला कोण अडवतं?

संध्याकाळी पराग उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून आला. केसांवर, भुवयांवर लोखंडाची बारीक धूळ. मराठी सगळं कळतं, पण बोलतो हिंदी. "आंटी, मुझे क्षितिजा ने बताया था। पापा बोले रिपोर्ट है, तो मैंने देखा ही नहीं। सोमवार को छुट्टी है, पक्का करवाऊंगा।" पोरगा मला आवडला, आणि आवडला म्हणूनच भीती वाढली. वहिनींनी मला गोल बाजारात नेलं. एरवी मी तिथल्या पितळी भांड्यांत दिवस काढला असता, त्या दिवशी एक झारा घेऊन परतले.

शनिवारी सकाळी आम्ही तिघं सरकारी दवाखान्यात गेलो. तपासणी फुकट आहे, फक्त लवकर जा, रांग मोठी असते. तिथल्या ताईंनी वसंतरावांच्या बोटातून थेंब काढून नळीतल्या औषधात टाकला. थोड्या वेळाने ती नळी त्यांनी ओळी मारलेल्या कागदापुढे धरली. "दादाजी, पीछे की लाइन दिख रही है?"

वसंतरावांनी बघितलं. चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा बघितलं.

"नाही दिसून राहिली," ते मराठीतच म्हणाले.

द्रावण गढूळ झालं होतं, म्हणजे दोष होता. पक्क्या तपासणीसाठी नमुना पुढे गेला, पण एवढ्या वयात ठणठणीत असलेला माणूस वाहकच असणार. "तुम्हाला स्वतःला काही होणार नाही," मी म्हटलं. ते बाकावर बसले. बबनने आपली बाटली त्यांच्या हातात दिली.

"माह्या मोठ्या भावाचे पाय दुखायचे," ते हळूच म्हणाले. "घरचे म्हणत, शाळा चुकवते. मीही चिडवायचो त्याले. बारा वर्षांचा असताना गेला." त्यांनी बाटली रिकामी केली. बबनने नळावरून ती भरून आणली.

रविवारी आम्ही परत निघालो. येताना डोंगरगड कधी गेलं ते मला कळलं नाही. बाप वाहक म्हणजे पराग वाहक असण्याची शक्यता निम्मी, शिवाय वहिनींची तपासणी राहिलीच होती. घरी आल्यावर क्षितिजाला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि मामाच्या पिशवीतला स्वेटर धुवायला टाकला. पुढचे दिवस ती फोन उलटा ठेवून जेवायची.

त्यानंतरच्या शनिवारी फोन वाजला.

"ताई, निगेटिव्ह हाये! पोट्टा एकदम निगेटिव्ह! पक्का रिपोर्ट, कागद हातात हाये. मी वाहक, हे तर ठरलंच. पण पराग साफ हाये."

क्षितिजा माझ्या मागेच उभी होती. तिने माझ्या पाठीवर डोकं टेकलं आणि रडली, मीही रडले. चुलीवरचं, म्हणजे गॅसवरचं, दूध उतू गेलं. कोणी पुसलंही नाही.

रायपूरहून काय आणलं असं लोक विचारतात. झारा आणला, फरा आता मी नागपुरात करते, आणि आमच्याकडे मुला-मुलीच्या पत्रिकेला आता तो दुसरा कागद टाचणी लावून जोडतात. तुमच्याही घरी कोणाचं जमत असेल तर आधी तो कागद मागा. लाजायचं काही नाही. फक्त रक्तगट नको, हे फोनवर नीट सांगा.

त्या फोनवर मी वसंतरावांना विचारलं होतं, "मग पेढे वाटले का नाही?"

"हव, वाटले नं," ते म्हणाले. "पहिला दादाच्या फोटोपुढं ठेवला. म्हटलं, तू शाळा चुकवून नव्हता राहिला रे."