माझ्या कागदात नसलेला गुडघा

आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला पहिला माणूस मी. हे मी अजूनही सांगतो, आणि सांगताना आवाज खाली करत नाही. राज्यांची वाटणी झाली त्या वर्षी मी नागपुरात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्गात होतो.

आमचं घर सावरगावात, जाम नदीच्या काठाशी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार. नदीत पळसाचं झाड रोवायचं, आणि या काठावरून सावरगावनं, त्या काठावरून पांढुर्ण्यानं दिवसभर दगड फेकायचे. बायकापोरी घरांच्या धाब्यांवरून पाहतात. त्या साली एक भरकटलेला गोटा माझ्या अकरा वर्षांच्या बहिणीच्या कपाळाला चाटून गेला. देवळातली राख लावली, चार दिवसांत खपली धरली. आमच्या पोरीनंही गोटा खाल्ला, असं बाबा गावभर सांगत फिरले.

तीनेक आठवड्यांनी तिच्या हातातून वाटी पडली. मग रोजच काही ना काही पडायला लागलं. वेणी घालायला बसवली की खांदा उडायचा, तोंड वाकडं व्हायचं. अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला. वेडावून दाखवते म्हणून मास्तरांनी छडी मारली. झोपली की मात्र सगळं थांबायचं.

गोटा लागला, डोक्यात गेला, यावर सगळ्यांचं एकमत होतं. ते सोयीचंही होतं. गोटा खाणं हा मान; आजार म्हटला की पोरीच्या लग्नाचा घोर.

मीही तेच धरून बसलो. नागपूरच्या डॉक्टरसाठी मी इंग्रजीत पानभर हकीकत लिहिली: गोटा कधी लागला, जखम केवढी, हात कधीपासून उडतात. नागपूर नुकतंच मुंबई राज्यात गेलं होतं, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो होतो. आई-बाबा बहिणीला घेऊन माझ्याबरोबर निघाले. पॅसेंजर तीच, स्टेशनं तीच, तरी पांढुर्णा सुटल्यावर बाबांनी विचारलं की आता दुसऱ्या राज्यातला डॉक्टर आपल्याला पाहील काय.

डॉक्टरांनी पाहिलं. माझा कागद वाचला, इंग्रजी चांगलं आहे म्हणाले, आणि बाजूला ठेवला. बहिणीला जीभ बाहेर काढून धरायला सांगितली; ती सारखी आत पळायची. मग स्वतःची दोन बोटं तिच्या मुठीत दिली आणि घट्ट धर म्हणाले. मूठ आवळायची, सुटायची, पुन्हा आवळायची.

बाबा हळूच म्हणाले, "हे तर दूध काढून राह्यली."

डॉक्टर हसले. पुस्तकातही असंच लिहिलंय, म्हणाले. असं अंग उडण्याची कारणं पुष्कळ, काही घराण्यातून उतरतात, काही मेंदूच्या तापातून येतात, म्हणून खोदून विचारावं लागतं. आणि त्यांनी मला सोडून आईला विचारलं, की पावसाळ्यात पोरीचा घसा धरला होता का, सांधे दुखले होते का.

"हौ ना," आई म्हणाली. "आखाडात ताप आलता. गुडघा सुजला, मंग घोट्यात गेला. निर्गुडीचा पाला बांधला, उतरला. पान्यापावसात कोनाचे गुडघे नाही दुखत? ते काय सांगाचं?"

तो पाला मीच तोडून आणला होता. माझ्या पानभर कागदात तो नव्हता.

आजाराचं नाव कोरिया. घशाचा ताप सांध्यांत जातो, तिथून मेंदूपर्यंत पोचतो आणि हृदयालाही धरतो. गोट्याचा यात काही हात नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. बिछान्यात पडून राहायचं, रोज एक गुंगीची गोळी घ्यायची. हात काही महिन्यांत आपोआप शांत होतील. "काळजी हातांची नाही," ते म्हणाले, "छातीची आहे." छातीत आवाज येत होता. घसा पुन्हा धरला तर झडप खराब होईल, म्हणून दर महिन्याला पेनिसिलीनची सुई, अनेक वर्षं, एकही न चुकता.

संक्रांतीपर्यंत ती सुईत दोरा ओवायला लागली. दवाखान्याची सुई पांढुर्ण्याचा कंपाउंडर द्यायचा. महिना चुकू नये म्हणून बाबांनी दर अमावास्येनंतरचा दिवस नेमला; गोटमारही त्याच तिथीची. गावात मात्र गोट्याचीच गोष्ट चालू राहिली, आणि बाबांनी ती चालू दिली.

सात वर्षांनी सौंसरहून तिला पाहायला पाहुणे आले. मुलाच्या बापानं कपाळावरचा वण पाहिला आणि कौतुकानं विचारलं, गोटमारीचा काय? शेजारी बसलेल्या माझ्या काकांनी डोळ्यांनी बाबांना खुणावलं, की हो म्हणा आणि विषय संपवा. हो म्हटलं असतं तर लग्न ठरलं असतं, आणि आजार लपवल्यामुळे त्या घरात सुई बंद पडली असती. आई दारात उभी होती. मी बाबांकडे पाहत होतो.

"वण गोट्याचा आहे," बाबा म्हणाले. "पन पोरीले ताप आलता, तो छातीत गेला. दर महिन्याले सुई लागते. सुई चालू ठेवत असान, तर पोरगी देतो."

मुलाच्या बापानं कपातला चहा सावकाश संपवला. काका भिंतीकडे पाहू लागले.

"सुई सौंसरात भेटते काय?" मुलाच्या बापानं विचारलं.

भेटते, मी म्हणालो. तिथल्या कंपाउंडरला मी आदल्या आठवड्यातच विचारून आलो होतो.