हळवे दोघे आणि इक्बालचा घसा

हसायचं असेल तर आधी कप खाली ठेवा. मागे एकानं हे ऐकताना माझ्याच शर्टावर चहा उडवला होता. त्या दिवसांत मला स्वतःला मात्र अजिबात हसू येत नव्हतं. झोप उडाली होती माझी!

कॅसेटांचा जमाना होता. मी विमा कचेरीत कारकून, आणि माझा मित्र इक्बाल बुधवार पेठेत त्याच्या चाचांच्या दुकानात लाउडस्पीकर दुरुस्त करायचा. आम्ही दोघं मिळून गायचो. संथ, विरहाची गाणी, शब्दही आमचेच. इक्बाल गिटार वाजवत मुख्य आवाज लावायचा, मी शेजारी उभा राहून वरचा सूर द्यायचो. याला सॉफ्ट रॉक म्हणतात, असं आम्ही लोकांना समजावून सांगायचो. लोक म्हणायचे, "अच्छा, म्हणजे गिटारवरचं भावगीत."

जोडीचं नाव 'हळवे दोघे'. त्यावर एका आजोबांनी विचारलं, "सख्खे की चुलत?"

पण चाललो हो आम्ही! कॉलेजांची गॅदरिंग झाली, सोसायट्यांचे गणपती झाले. तिसऱ्या वर्षी चक्क नाट्यगृह भरलं. बायका पदरानं डोळे पुसायच्या. साउंड सांभाळायला इक्बालचे रफिकचाचा. मिक्सरपाशी असे बसायचे, जणू गॅसवर दूध ठेवलंय.

मग चाचांच्या लेकीच्या घरी अडचण आली आणि ते दोन महिन्यांसाठी सोलापूरला गेले. त्यांच्या जागी त्यांचे मेहुणे यूसुफभाई बसू लागले. अतिशय सरळ माणूस. वायरसुद्धा सरळ रेषेतच टाकायचा.

आणि काय झालं कोण जाणे, आमचं गाणं पडायलाच लागलं!

पहिल्या कार्यक्रमात लोक खोकले. दुसऱ्यात उठून गेले. तिसऱ्यात फर्माइशीची चिठ्ठी आली. मी मोठ्या आशेनं उघडली. आत लिहिलं होतं, "कृपया मध्यंतर."

असं का व्हावं? मी तर जीव तोडून गात होतो. चूक माझी नाही म्हटल्यावर राहिलं कोण? बिचारा इक्बाल! त्याचा आवाज चालला होता, आणि त्याला पत्ताही नव्हता.

आता मित्राला हे सांगायचं कसं? आठ दिवस मी तळमळलो. शेवटी म्हटलं, "इक्बाल, घशात काही टोचतं का रे?"

"नाही तर."

"नीट आठव."

त्यानं आवंढा गिळून पाहिला. "आता तू म्हणतोस तर... थोडं टोचतंय."

संपलं! मी मंडईतून आलं आणलं, ज्येष्ठमध आणला. सकाळी हळदीच्या गुळण्या, संध्याकाळी कारल्याचा रस. त्याच्या अम्मींना सांगून घरातलं लोणचं बंद करवलं. त्याला एका वैद्यांकडेही नेलं. वैद्यांनी घसा पाहिला आणि म्हणाले, "उत्तम आहे."

"अहो, पण काळजीनं जीव जातोय!"

"यांचा?"

"नाही, माझा."

"मग तुम्ही तोंड उघडा."

मी ऐकतोय होय? वैद्यांनाही सापडत नाही म्हणजे दुखणं फारच खोल असणार! पुढच्या दोन कार्यक्रमांत मी आणखी मोठ्यानं गायलो. मित्राची उणीव आपण नाही भरून काढायची, तर कोणी? दुसऱ्या कार्यक्रमात मध्यंतराची चिठ्ठीसुद्धा आली नाही. चिठ्ठी लिहायला माणूसच उरला नव्हता.

त्यानंतर एका दुपारी दुकानात गेलो, तर काचेच्या कपाटात इक्बालची गिटार. गळ्यात पुठ्ठा: 'विकणे आहे.'

"हे काय?"

इक्बालनं मान वर केली नाही. "माझ्यामुळे तुला खाली मान घालावी लागते, मिल्या. मी आता नाही गाणार."

त्या माणसाचं गाण्यावाचून दुसरं होतं काय? तेवढ्यात आतून रफिकचाचा बाहेर आले. सकाळीच सोलापूरहून परतले होते. मी त्यांना बाजूला घेतलं.

"चाचा, इक्बालचा आवाज गेला हो!"

"गेला? आल्या आल्या माझ्यावर ओरडला. चांगला खणखणीत होता."

"गाताना जातो. तुम्ही गेल्यापासून."

चाचांनी हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. "यूसुफनं तुझ्या माइकचं बटण वर केलं होतं का?"

"हो. म्हणजे? नेहमी असतंच ना?"

चाचांनी स्टूल पुढं सरकवलं. मग म्हणाले, "बस. चहा घेणार?"

चाचांनी आपणहून चहा विचारला, तेव्हाच मी भिंत धरली.

"पहिल्या कार्यक्रमाला तू फार घाबरला होतास," चाचा हळूच म्हणाले. "सूर एकीकडे, तू दुसरीकडे. म्हटलं, पोरगं स्थिरावेपर्यंत बटण बंद ठेवू."

"तीन वर्षं?"

"तू स्थिरावलास कुठं?"

म्हणजे लोक डोळे पुसत होते ते एकट्या इक्बालच्या गाण्यावर! आणि मी त्यालाच कारल्याचा रस पाजत होतो!

इक्बालला सांगायचा धीर होईना. दुकानासमोर तीन फेऱ्या मारल्या. शेवटी एका दमात सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे माझा घसा..."

"उत्तम आहे."

"आणि तो रस?"

"तो... उगाचच."

तो काउंटरवरून उडी मारून आला. त्यानं मला मिठी मारली की माझा गळा धरला, हे मला अजून कळलेलं नाही. पण गिटार त्यानं कपाटातून काढली.

'हळवे दोघे' तिथंच संपले. पुढच्या महिन्यात इक्बाल एकटाच गायला आणि नाट्यगृह पुन्हा भरलं. मी मागच्या रांगेत अंग चोरून बसलो होतो. शेजारच्या गृहस्थांनी मला ओळखलं.

"अहो, तुम्ही इथं? आज तुमच्याशिवाय काहीतरी कमी वाटतंय बघा."

माझे डोळे भरून आले. म्हटलं, निदान एकाला तरी! "खरं सांगता? काय कमी वाटतं?"

त्यांनी जरा विचार केला.

"तुम्ही उभे छान राहायचात."