शिकू दिलं म्हणून सत्कार

चव्वेचाळिसाव्या वर्षी मी कल्याणच्या एका कॉलेजात बी.ए.च्या वर्गात जाऊन बसले. शिक्षण अर्धवट सोडून परतलेल्या माझ्यासारख्या बायकांना आधार देण्यासाठी तिथे एक खास कक्ष होता. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. लायब्ररीमागची खोली, एक सोफा, भिंतीवर गगनभरारी वगैरे शब्द आणि एक मॅडम. मॅडम माझ्याहून धाकट्या. बोलताना मान अशी तिरकी करायच्या, जणू मी आजारी आहे आणि त्या भेटायला आल्या आहेत.

तिसऱ्या वर्षी मला त्यांची खरोखर गरज पडली. आमच्या डोंबिवलीच्या घरात सासूबाई बाथरूममध्ये पडल्या आणि मांडीचं हाड मोडलं. "आईजवळ कोण बसणार?" असं नवऱ्याने विचारलं. हा प्रश्न आमच्याकडे फक्त मलाच विचारतात. वर्तकनगरला राहणारी त्याची सख्खी बहीण धडधाकट होती, ती सफरचंदं घेऊन येऊन गेली. मी बसले. माझी हजेरी कमी पडली आणि कॉलेजने माझं हॉलतिकीट अडवलं. वर्ष गेलं असतं तर पुढच्या वर्षी घरातून कुणी मला बाहेर पाऊल टाकू दिलं नसतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. कक्षाने प्राचार्यांकडे शिफारस केली तर परीक्षेला बसता येणार होतं.

मॅडमनी मान तिरकी करून ऐकलं. "करू ना ताई काहीतरी. पण शनिवारी सरांना नक्की घेऊन या हं. आपण पतीराजांचा सत्कार ठेवलाय."

"कशाबद्दल?"

"अहो, तुम्हाला शिकू दिलं म्हणून!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शिकू दिलं? माझ्या प्रत्येक परीक्षेच्या आदल्या दिवशी या माणसाला गावचे भाऊबंद जेवायला बोलवायची हुक्की यायची. "आता काय कलेक्टर होणारेस?" हे वाक्य त्याने तीन वर्षं दात घासल्यासारखं रोज वापरलं. कॉलेज हा शब्द त्याने कधी तोंडातून काढला नाही. "तुझं ते" म्हणायचा. तो येणार नाही म्हणेल या आशेने मी घरी सांगितलं. त्याने एवढंच विचारलं, "शाल देणार का?" आणि कुर्ता इस्त्रीला टाकला.

शनिवारी पाच नवरे स्टेजवर खुर्च्यांत बसले होते आणि आम्ही पाच बायका खाली. प्रत्येकाला शाल, नारळ, टाळ्या. माझा नवरा माईकजवळ गेला आणि त्याचा आवाज एकदम गहिवरला. "मीच हिला म्हटलं, तू शीक. घराचं मी बघतो." वर्गातल्या कोवळ्या पोरी टाळ्या पिटत होत्या. आयत्या बिळावर नागोबा फणा काढून डोलत होता. त्या क्षणी मला त्याचा जेवढा तिटकारा आला तेवढा लग्नाच्या सगळ्या वर्षांत आला नव्हता.

मग मॅडमनी माईक माझ्या हातात दिला. "ताई, सरांबद्दल दोन शब्द."

हॉलतिकीट हातात पडेपर्यंत तोंड उघडायचं नाही असं मी ठरवून आले होते. ते जमलं नाही. मी म्हटलं, "मी फार बोलत नाही. मी कुठला विषय घेऊन शिकते, तेवढं ह्यांनी सांगावं."

तो उभा राहिला. खांद्यावरून घसरलेली शाल सावरत म्हणाला, "कॉमर्स ना?"

मी इतिहास शिकत होते. हॉल हसून लोटपोट झाला. मॅडमनी डोळे पुसत माईक घेतला. "किती साधे आहेत ना सर! विषय पण विचारला नाही, नुसता विश्वास टाकला!" पुन्हा टाळ्या. मी दगड मारला होता, तो त्यांनी फूल समजून झेलला. फक्त नवऱ्याला तो बरोबर लागला होता. त्याचे कान लाल झाले होते.

कार्यक्रमानंतर मॅडमनी शिफारसपत्र दिलं. खाली पालकाच्या सहीसाठी जागा होती.

"माझा पालक कोण? माझ्या मुलाच्या कॉलेजात पालक म्हणून मी सही करते."

"नियम आहे ना ताई. सर आहेतच की इथे. लगेच ऑफिसात द्या, आज शेवटचा दिवस आहे."

नवऱ्याने माझ्याआधी कागद उचलला, घडी घातली आणि खिशात ठेवला. मॅडमना गोड हसून नमस्कार केला. मी त्याच्या मागे मागे गेटबाहेर आले. रिक्षाच्या रांगेपाशी तो थांबला.

"चार लोकांत माझा पोपट केलास. आधी सॉरी म्हण, मग सही."

"ऑफिस बंद होईल."

"मग लवकर म्हण."

रांगेतली माणसं आमच्याकडे बघत होती. मी सॉरी म्हटलं. "नीट म्हण," तो म्हणाला. चुकलं माझं, पुन्हा असं होणार नाही, असं मी नीट म्हटलं. त्यातला एक शब्दही खरा नव्हता आणि एक शब्दही मी अजून विसरलेले नाही.

त्याने नारळ माझ्या हातात दिला, खिशातून पेन काढलं. कागद टेकवायला आजूबाजूला काही नव्हतं. "वळ," तो म्हणाला. मी वळले. त्याने कागद माझ्या पाठीवर ठेवला आणि सावकाश, पूर्ण नावानिशी सही करायला लागला. पेन टोचत होतं. कागद फाटला असता तर पुन्हा माफी मागावी लागली असती, म्हणून मी श्वास रोखून उभी राहिले.