बैलगाडीमागची जीप

बॉनेट उघडायचं, कान आत घालायचा आणि ओठांवर बोट ठेवून आम्हा सगळ्यांना गप्प करायचं. इंजिन बंद असलं तरी. मग मान बाहेर काढून आमचे शेजारी सांगत, "एकच वायर हाय, मास्तर. सापडली का झालं."

दर्यापुरात आमची घरं समोरासमोर. ते कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून होते. तुमच्याही गल्लीत असा एखादा हौशी गृहस्थ असेलच. आमच्याकडच्याने मिलिटरीच्या लिलावातली जुनी जीप घेतली होती. घेताना स्वस्त पडली, पुढे दर महिन्याला थोडी थोडी महाग होत गेली. डायनॅमो चार्ज करीना. दिवे लागले की हॉर्न मुका, आणि हॉर्न वाजला की थांबेना. एकदा समोरून प्रेतयात्रा येत असताना तो अडकला, तेव्हा हे हात जोडून जीपमध्ये उभे राहिले.

घराच्या छपरावरच्या कवेलूंचे पैसेही त्या डायनॅमोतच गेले. पावसाळ्यात गळतीखाली भांडी मांडत वहिनी म्हणायच्या, "गाडीले घरात ठेवा, आमी गाडीत झोपतो." त्यावर हे खरोखरच जागेचा अंदाज घेत.

अकोल्याच्या जुन्या शहरातला मिस्त्री दर खेपेला एक जळकी वायर काढून हातात देई. "भाऊ, सारी वायरिंग बदला. किती ठिगळं लावसान?" हे ती वायर खिशात घालून आनंदाने परत येत.

एका साली त्यांच्या मुलीचं पहिलं बाळंतपण आलं. मुलगी दहा कोसांवरच्या खेड्यात दिलेली. तिच्या सासूने निरोप धाडला, तुम्ही त्रास घेऊ नका, आमची बैलांची दमणी पोचवून देईल. ते यांना फार झोंबलं. "माही पोरगी माह्या जीपमध्ये येईन!"

वायरिंगसाठी पैसे जमवून ते अकोल्याला गेले आणि आले ते मागच्या सीटवर जाड नवी गादी बसवून. मी कपाळाला हात लावला. "पोरगी अवघडली हाय, मास्तर," ते म्हणाले. "गचके बसतीन तिले."

तिला आणायला मीही सोबत गेलो. परतताना दर्यापूर जवळ आलं आणि बॉनेटखालून धूर निघाला. त्यांनी ओंजळीने माती टाकून तो विझवला. जीप काही हलेना. मागून एक रिकामी बैलगाडी आली. गाडीवान म्हणाला, "पोरीले इकडं बसवा. ते डबडं राहू द्या."

हे बैलगाडीकडे गेले आणि मुलीसाठी गाडीतलं गवत सारखं करू लागले. मला त्यांच्याकडे पाहवेना.

"मी उतरत नाई," मुलगी म्हणाली. "दोर बांधा."

असे आम्ही गावात शिरलो. पुढे बैलगाडी, मागे दोराने बांधलेली जीप. हे स्टिअरिंग धरून ताठ बसलेले, वळणावर हात बाहेर काढून रीतसर इशारा देत. बाजारातली माणसं दुकानं सोडून हसायला बाहेर आली.

दारात वहिनी भाकरीचा तुकडा आणि पाणी घेऊन उभ्याच होत्या. त्यांनी लेकीवरून तुकडा ओवाळून टाकला आणि तिच्या डोळ्यांना पाणी लावलं. हे अपराध्यासारखे बाजूला सरकले.

"माय, बाबावरून बी ओवाळ," मुलगी म्हणाली. "माह्यावर कोणाची नजर नाई पडली. साऱ्या रस्त्यानं लोकं बाबालेच पाहून राहिले होते."

ते जाऊन आता बरीच वर्षं झाली. मला मात्र ते अजून त्या उंबऱ्याबाहेर दिसतात. मान खाली, हात मातीने भरलेले, आणि वहिनी ओली बोटं त्यांच्या मिटलेल्या डोळ्यांना लावताहेत.