क्लासमध्ये ड्रिल चालणार नाही म्हणे

मित्रांनो, मदत हवी आहे. आज लातुरात एका कोचिंग क्लासच्या नेटवर्कचं प्रपोजल दाखवलं. तिन्ही मजल्यांवर ऑनलाइन परीक्षा होणार आहेत. माझं शिक्षण बारावीत सुटलं, एवढं मोठं काम पहिल्यांदाच आलंय.

क्लासचे मालक किल्लारीचे. नकाशावर बोट ठेवून म्हणाले, "हे काय हाय?"

"सर, केबलसाठी भिंतीला छिद्रं."

"न्हाई! भूकंपात आमचं घर माझ्या अंगावर पडलंय. इथं ड्रिल चालणार न्हाई. वाय-फाय लाव की."

"सगळी पोरं एकदम पेपर सोडवायला लागली की वाय-फाय अडकतंय, सर."

"म्हणजे छिद्र पाडलं तर भिंत पडंल, न्हाई पाडलं तर पेपर. तू नेटवर्कवाला हायस का सुरुंगवाला? उद्या सकाळी दुसरा नकाशा आण, न्हाईतर पुण्याची पार्टी तयारच हाय."

तेव्हापासून काढतोय आणि खोडतोय. केबल जिन्यातून वर जाते, पण वर्गात न्यायची तर दारातूनच, मग दार लागत नाही.

एवढ्याशा छिद्राने भिंत पडत नाही, हे मला माहीत आहे. पण ढिगाऱ्याखालून निघालेल्या माणसाला ते कोणत्या तोंडाने सांगू?

ड्रिल न लावता असं काम कुणी केलंय का? हे गेलं, तर मला पुन्हा कोण बोलावणार?