लिलीवरचा डाग

फोटो स्टुडिओत सगळे तिला ताई म्हणत. काम एकच, लोकांचे चेहरे संगणकावर साफ करायचे. कुणाचे मुरूम, कुणाची दुसरी हनुवटी, साहेबांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं. तिच्या हाताखालून गेलेला माणूस सख्ख्या आईलाही क्षणभर परका वाटे, आणि तीच कामाची पावती समजली जाई.

घरी ताई टॅब्लेटवर फुलं काढत. स्वयंपाकघरातल्या टेबलावर पेल्यात एक फूल ठेवायचं आणि सवडीने एकेक पाकळी काढत बसायचं. फुलांना एवढा दम नसतो. पांढरी लिली अर्ध्यावर असतानाच कडेने तपकिरी पडली. ताईंनी दिसलं तसं काढलं. नंतर साफ करू म्हणाल्या, ते राहून गेलं.

नवऱ्याने चित्रं परस्पर एका कलादालनाला पाठवली. दालनवाल्यांनी नेमकी तीच लिली निवडली आणि मोठी फाईल मागवली. आयुष्यात पहिल्यांदाच ताईंचं काम ताईंच्या नावाने भिंतीवर लागणार होतं. चार लोकांत डाग कसला दाखवायचा? त्यांनी तो पुसला, चित्राचे सगळे थर एकत्र करून टाकले आणि फाईल धाडली.

दालनवाल्यांचा लगेच फोन. त्यांना काळ, क्षय, नश्वरता वगैरे हवं होतं. थोडक्यात, डाग. तो नसेल तर त्या जागी दुसऱ्या कुणाची तरी किटली लागणार होती.

एकत्र केलेले थर पुन्हा सुटत नाहीत, पुसलेला डाग परत येत नाही, आणि नवऱ्याने पाठवलेली प्रत भिंतीसाठी फार लहान होती. ताईंनी नवी लिली आणली आणि सगळं घर तिच्या मरणावर टपून बसलं. पण मेली टवटवीतच. नवऱ्याने उन्हात ठेवून पाहिली, तर आणखी उमलली.

शेवटी ताईंची नजर समोर मटार सोलणाऱ्या सासूबाईंच्या हातावर गेली. वयाचे तपकिरी डाग, कडाही अगदी तशाच.

"आई, हात जरा असाच ठेवा."

"आणि मटार कोण सोलणार, तुझी लिली?" सासूबाई म्हणाल्या. पण हात ठेवला.

प्रदर्शनात त्या चित्रापाशी लोक रेंगाळत होते. पाकळीच्या कडेविषयी दालनवाले आजाऱ्याच्या खोलीत बोलावं तशा आवाजात बोलत होते. सासूबाईंनी चष्मा पुसून डाग नीट पाहिला, हात शालीखाली घेतला आणि सुनेच्या कानाशी आल्या.

"बघताहेत तर बघू देत. पण उद्या माझाच फोटो भिंतीवर लावायची वेळ आली, तर तेवढा साफ करून लाव गं बाई."

ताईंनी शब्द दिला.