स्टम्पला खेटून
मोशीच्या क्लबात मी गेलो तो बॅट्समन म्हणून. चाकणला गाड्यांचे पत्र्याचे पार्ट ठोकणाऱ्या प्रेस शॉपमध्ये नोकरी लागून वर्ष झालं होतं. परभणीचं घर लांब, रविवार जाता जायचा नाही. एका सकाळी इंद्रायणीच्या अंगाला असलेल्या मैदानावर पांढऱ्या कपड्यांतली माणसं सीझन बॉलनं खेळताना दिसली आणि मी गाडी थांबवली.

क्लबचे कॅप्टन गावातलेच, पन्नाशी गाठलेले. घरची शेती होती तिथं आता सोसायट्या झाल्यात, ते स्वतः प्लॉटच्या धंद्यात. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"पाव्हणं, कीपिंग करता का? आमचा कीपर बदली होऊन गेला."

"कधी केली नाही."

"मग आजपासून करा."

एवढ्यावर मी विकेटकीपर झालो.

फास्ट बॉलरला मागं उभं राहायचं असतं, ते जमलं. पंचाईत झाली ती कॅप्टनच्या बॉलिंगची. ते ऑफस्पिन टाकायचे, तीही अगदी संथ, आणि त्यांना कीपर स्टम्पला खेटून लागायचा. समोर बॅट्समनचं ढुंगण, पॅड आणि फिरणारी बॅट. बॉल मध्येच नाहीसा व्हायचा आणि दिसायचा तेव्हा छातीशी आलेला असायचा. बहुतेक बॉल आत वळायचे, पण मधूनच एखादा न वळता सरळ बाहेर निघायचा. तो मला तेव्हा ओळखताच यायचा नाही. पहिल्या सीझनला माझ्या ग्लोव्ह्जखालून किती चौकार गेले विचारू नका. एकदा हनुवटीवर बॉल बसला, तीन टाके पडले. कॅप्टन शिव्या देत नसत. कमरेवर हात ठेवून नुसते बघत राहायचे. त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

सीझन संपला तेव्हा मीच म्हणालो, "दुसरा कुणी तरी बघा राव. माझ्यानं होत नाही."

"व्हतंय का न्हाई ते मी ठरवणार. बुधवारी फर्स्ट शिफ्ट हाय न्हवं? सुटल्यावर या."

बुधवारी कंपनीच्या बसमधून उतरून थेट मैदानावर गेलो. तीन स्टम्प रोवलेले, पुढं बॅट्समनच्या जागी एक लाल प्लॅस्टिकची खुर्ची आणि तिच्यावर टॉवेल टाकलेला. कॅप्टन एकटेच पिशवीभर जुने बॉल घेऊन उभे.

"बॉलमागं लागू नका. माझ्या मनगटाकडं बघा. मनगट फिरलं तर आत येणार, न्हाई फिरलं तर बाहेर जाणार. बास, एवढंच."

एवढंच शिकायला सात बुधवार गेले. आठव्या बुधवारी त्यांनी टाकलेले ओळीनं वीस बॉल मी पकडले. कॅप्टननी खुर्ची उचलली, तिच्यावर बसले आणि घाम पुसत म्हणाले, "आता मॅचमधी दाखवा."

दुसऱ्या सीझनला दापोडीच्या टीमशी मॅच पडली. हरला तो बाहेर, अशी. त्यांचा ओपनर उंचापुरा, जो येईल त्याला झोडत होता. त्यांना हव्या होत्या फक्त चाळीस रन, आठ ओव्हर बाकी, आणि हा पठ्ठ्या सत्तरवर नाबाद. कॅप्टननी बॉल स्वतःच्या हातात घेतला. मी जाऊन स्टम्पमागं बसलो. हेल्मेटच्या आत माझाच श्वास मला ऐकू येत होता.

पहिले दोन बॉल आत वळले. दोन्ही त्यानं अडवले. तिसऱ्याला कॅप्टन धावत आले, हात वर गेला आणि मनगट फिरलंच नाही! मला दिसलं! भर उन्हात लख्ख दिसलं! ओपनर दोन पावलं पुढं सरसावला, बॅट फिरली, बॉल बाहेरून निघाला आणि माझ्या ग्लोव्ह्जमध्ये असा येऊन बसला की जणू तिथंच यायचं ठरलं होतं. हात स्टम्पवर गेले, बेल्स उडाल्या, त्यानंही वळून बॅट टेकवली. मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही.

आता सगळं लेग अंपायरच्या हातात. आमच्याकडं अंपायरिंग बॅटिंग करणाऱ्या टीमचीच पोरं करतात, आणि तिथं उभा होता ओपनरचा सख्खा धाकटा भाऊ. त्यानं एकदा क्रीजकडं पाहिलं, एकदा भावाकडं. मग बोट वर केलं.

"अरे, डोळे फुटले का तुझे?" ओपनर भडकला.

"दादा, बाहेर होतास तू," तो पोरगा शांतपणे म्हणाला. बोट तसंच वर.

ओपनर बॅट काखेत मारून निघाला. जाताना माझ्याजवळ थबकला. "भावा, लय जोरात चालला तुझा हात." मी काही बोलायच्या आत कॅप्टन पलीकडच्या टोकाकडून पळत आले आणि पन्नाशीच्या त्या माणसानं मला पॅड-ग्लोव्ह्जसकट उचललं. "पाव्हणं! अहो पाव्हणं!"

अकरा रननी जिंकलो. ते दोघे भाऊ एकाच बाइकवरून गेले, धाकटा मागं बसलेला. त्याला घरी काय ऐकावं लागलं कोण जाणे, पण मैदानातून बाहेर पडताना थोरल्यानं त्याला वडापाव घेतलेला मी पाहिला होता.

पुढच्याच रविवारी थेरगावच्या टीमनं आम्हाला असं धुतलं की त्या सीझनचा विषयच संपला. पण सोमवारी प्रेस शॉपमध्ये, मशिनच्या धडधडाटात, मी ते स्टम्पिंग हातवारे करून तीन वेळा सांगितलं.

आता माझा पाचवा सीझन चालू आहे. परवा टॉस झाल्यावर कॅप्टन माझ्या कानाशी आले.

"आणखी एक नवा बॉल शिकलोय."

"मनगट कसं असतं त्याला?"

"ते न्हाई सांगणार," म्हणाले आणि हसत रनअपच्या खुणेकडं निघून गेले. मी ग्लोव्ह्ज घट्ट केले.